सात अक्षरांचे नाव

बाओफेंग यूव्ही-५आर या हातात मावणाऱ्या बिनतारी संचाच्या स्मृतीत १२८ जागा असतात. प्रत्येक जागेवर एक वारंवारता साठवता येते आणि तिला नावही देता येते. नाव मात्र रोमन लिपीत हवे आणि सात अक्षरांपेक्षा मोठे नको. खानदेशच्या नकाशाला ही अट कितपत मानवते हे पाहण्यात माझी एक सबंध दुपार गेली. जळगाव बरोबर सात रोमन अक्षरांत बसते. अमळनेर, एरंडोल, पाचोरा, शिरपूर हीही सातच अक्षरांची. चोपडा आणि पारोळा सहांत आटोपतात, धुळे आणि साक्री पाचांतच. भुसावळचे मात्र एक अक्षर बाहेर लोंबते, नंदुरबारची दोन, चाळीसगावची तीन. मुक्ताईनगर तर अकरा अक्षरांचे. पण त्याच गावाचे जुने नाव, एदलाबाद, सातांत चपखल मावते. गावांची नावे बदलण्यामागे काय काय असते याची त्या यंत्राला कल्पना नाही. ते फक्त अक्षरे मोजते. शेवटी लांब नावांच्या गावांसाठी मी रेल्वेकडे धाव घेतली. रेल्वेने हा प्रश्न कधीचाच सोडवून ठेवलेला आहे: भुसावळ म्हणजे बीएसएल, चाळीसगाव म्हणजे सीएसएन, आणि जळगाव तर नुसते जेएल.

ही गावे संचात कशाला, असे कोणी विचारील. आम्ही चार-पाच परवानाधारक हौशी मंडळी धुळे–पारोळा–एरंडोल–जळगाव या रस्त्यावर वरचेवर असतो. ज्या गावाच्या जवळ असू त्या गावाच्या नावाची वाहिनी लावायची आणि कोणी आसपास आहे का ते विचारायचे, असा आमचा साधा संकेत आहे. बहुतेक वेळा कोणी नसते. तरीही गंमत अशी की संच हातात धरून 'एरंडोल' लावले की आपण एरंडोलला पोचलो असे वाटते. नुसता १४५ पॉइंट अमुक हा आकडा लावला तर तसे वाटत नाही.

हे नाव संचाच्या स्वतःच्या कळांवरून देता येत नाही. वारंवारता कळा दाबून साठवता येते, तीही मेन्यूच्या इतक्या गल्ल्याबोळांतून की अर्ध्या वाटेवर आपण कुठे निघालो होतो याचा विसर पडावा. दर वळणावर एक बाई इंग्रजीत आपण कुठे आहोत ते सांगते. नको असल्यास चिनीत सांगते, किंवा गप्प बसते. तिसरी भाषा तिला येत नाही. नाव द्यायचे तर संगणकच हवा, आणि संगणक व संच यांच्यामध्ये एक केबल हवी.

या केबलविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण या छंदातल्या निम्म्याअधिक लोकांची चिकाटी तिथेच संपते. तिच्या एका टोकाला आपल्या ओळखीचा यूएसबी असतो. दुसऱ्या टोकाला एक जाड आणि एक बारीक अशा दोन पिना एकाच ठोकळ्यात बसवलेल्या असतात. मधल्या प्लॅस्टिकच्या गाठीत एक चिप दडलेली असते. यूएसबीची भाषा जुन्या सीरियल पोर्टच्या भाषेत उलथवणे एवढेच तिचे काम, म्हणजे ती दुभाषी. स्वस्त केबलींमध्ये हा दुभाषी पुष्कळदा तोतया असतो: एका तैवानी कंपनीच्या चिपची नक्कल. मूळ कंपनीच्या नव्या ड्रायव्हरला तोतया ओळखता येतो आणि तो कामाला साफ नकार देतो. विंडोजच्या पडद्यावर पिवळे उद्गारचिन्ह उमटते. मी मागवलेली केबल याच जातीची निघाली. अशा वेळी जुन्या ड्रायव्हरकडे परत जायचे असते, ज्याला अजून माणसे पारखता येत नव्हती अशा वयाच्या ड्रायव्हरकडे. तो मिळाला की काम सुरळीत चालते. याशिवाय पिनांचा ठोकळा संचाच्या कडेला अडून पुरता आत जात नाही, तो टक् असा आवाज येईपर्यंत रेटावा लागतो. पुस्तिकेत हे लिहिलेले नसते. अंगठ्याला मात्र ते समजते.

यानंतर लागते ते चिर्प नावाचे सॉफ्टवेअर. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चिवचिवाट. डॅन स्मिथ या अमेरिकी हौशी रेडिओवाल्याने ते २००८ साली लिहायला घेतले, आणि आज कितीतरी कंपन्यांचे संच त्यावरून विनामूल्य भरता येतात. त्याची पहिली शिस्त मला फार आवडते: लिहिण्याआधी वाचा. संच जोडायचा, त्याच्या पोटात आधीपासून काय आहे ते उतरवून घ्यायचे, ती मूळ प्रत तारीख घालून वेगळी ठेवायची, आणि मगच काही बदलायचे. चीनमधून आलेल्या संचात कारखान्याने चाचणीसाठी भरलेल्या कसल्याकसल्या वारंवारता असतात. त्या तशाच ठेवून कळ दाबणे म्हणजे अनोळखी गावात कोणत्याही दाराची कडी वाजवण्यासारखे आहे. त्या आधी पुसायच्या.

याला 'प्रोग्रॅमिंग' म्हणतात खरे, पण त्यात प्रोग्रॅम कुठेच नसतो. असतो तो तलाठ्याच्या दप्तरात शोभावा असा एक तक्ता. प्रत्येक ओळीला क्रमांक, वारंवारता, नाव, टोन, शक्ती. त्यातला 'टोन' हा माणसाच्या कानाला सहसा जाणवू न देता आवाजाखाली वाजत राहणारा एक मंद सूर असतो, ६७ हर्ट्झचा किंवा तसाच दुसरा. पलीकडचे यंत्र तो सूर ऐकल्याखेरीज दार उघडत नाही. जवळच 'डुप्लेक्स' नावाचा रकाना असतो. आपण ज्या वारंवारतेवर ऐकतो तिथेच बोलायचे, की थोडे वर, की थोडे खाली, की अगदी वेगळ्याच ठिकाणी, हे तिथे ठरते. याच रकान्यात आणखी एक पर्याय असतो: 'ऑफ'. तो निवडला की त्या ओळीवर संच फक्त ऐकतो. बोलण्याची कळ कितीही दाबा, तो मुका राहतो.

या सबंध तक्त्यात मला हा एकच शब्द विचार करण्याजोगा वाटतो. हा संच १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात बोलू शकतो. पोलीस, रेल्वे, वनखाते, समुद्रावरची जहाजे, सगळी याच आवारात नांदतात. भुसावळच्या यार्डात गार्ड आणि लोको पायलट ज्या लहरींवर एकमेकांना हिरवा-लाल सांगतात, तिथवर पोचायला या खेळण्याला काहीही लागत नाही. भारतातल्या हौशी परवानाधारकाला मात्र या मुलखात दोनच छोटी शेते दिलेली आहेत: १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८. म्हणजे यंत्राला जेवढे बोलता येते त्याचा जेमतेम सव्विसावा हिस्सा त्याने बोलायचे. उरलेल्या पंचवीस हिश्शांत गप्प राहायला त्याला शिकवायचे, हेच खरे प्रोग्रॅमिंग. चिर्पमध्ये एक आतले पान आहे. तिथे प्रक्षेपणाच्या वरच्या व खालच्या मर्यादाच आवळून टाकता येतात. मी प्रत्येक संचाचे ते पान आधी भरतो आणि गावांची नावे नंतर. बोलण्याच्या हक्काविषयी आपल्या भाषेत पुष्कळ आणि चांगले लिहिले गेले आहे. आपल्याला बोलता येते अशा ठिकाणी न बोलण्याची जी कारागिरी असते, तिच्यावरचा मजकूर त्या मानाने फारच थोडा.

आता थोडे भूगोलाकडे. जळगावहून धुळ्याला या संचावरून बोलता येईल का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. सरळ उत्तर नाही असे आहे. या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. पृथ्वीच्या वळणाआड गेलेले त्यांना दिसत नाही. जमिनीपासून दीड मीटरवर अँटेना धरून उभ्या असलेल्या माणसाचे रेडिओ-क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर असते. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांचे मिळून दहा. झाडे, घरे, टेकाडे मध्ये आली की तेही निम्मे किंवा त्याहून कमी. जळगाव आणि धुळे यांच्यात नव्वदच्या आसपास किलोमीटर आहेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची व सातमाळ्याची रांग आणि मध्ये तापीचे पसरट ताट. या ताटाच्या तळाशी आपण उभे असतो. लळिंगच्या किल्ल्यावर चढून बोललात तर गोष्ट वेगळी. उंची हीच या लहरींची खरी श्रीमंती आहे. पण रोज कोणी किल्ल्यावर राहायला जात नाही.

माझ्या पिढीच्या खानदेशी माणसाला हे पटकन पटत नाही, कारण आमच्या लेखी जळगावचा आवाज धुळ्याला पोचणे ही नेहमीची गोष्ट होती. १९७६ साली सुरू झालेले आकाशवाणीचे जळगाव केंद्र मध्यम लहरींवर, ९६३ किलोहर्ट्झवर, धुळ्याच्या आमच्या आजोळी सकाळपासून वाजत असे. मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात, डोंगराच्या पायथ्याला वळसा घालतात. त्यांची चाल बैलगाडीची. आमच्या या चिमुकल्या संचाला मध्यम लहरी मुळीच ऐकू येत नाहीत. त्यात एफएम आहे, बॅटरी आहे, अगदी दिवाही आहे. फक्त ९६३ वरचे जळगाव नाही.

पण जो धुळ्याला पोचत नाही तो दुसरीकडे पोचतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून फिरते. त्याच्यावर हौशी लोकांसाठी एक पुनःक्षेपक बसवला आहे, आणि सप्टेंबर २०२० पासून तो वेळोवेळी चालू असतो. आपण १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ६७ हर्ट्झचा सूर लावून बोलायचे. तो ते ऐकून त्याच क्षणी ४३७.८०० वर खाली सोडतो. मध्ये ना डोंगर ना केळीची बाग, सगळी स्वच्छ नजर. म्हणून पाच वॉटचा हा संच जिथे एरंडोलहून जळगाव गाठू शकत नाही, तिथे तो स्थानकाला गाठतो. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला त्या स्थानकावर होते तेव्हा भारतातल्या विद्यार्थ्यांशी ते हौशी रेडिओवरूनही बोलले.

स्थानकासाठी तक्त्यात एक ओळ पुरत नाही, पाच लागतात. स्थानक ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने येते. त्यामुळे येताना त्याचा आवाज थोडा वर सरकलेला असतो आणि जाताना थोडा खाली, फलाटावरून सुसाट निघून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखा. ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. म्हणून पहिली ओळ ४३७.८१०, मग ८०५, ८००, ७९५ आणि शेवटी ७९०. बोलण्याची वारंवारता पाचही ओळींत तीच ठेवतात, कारण तिथे सरकणे एवढे थोडे असते की चालून जाते. स्थानक क्षितिजावर उगवले की पहिली ओळ लावायची आणि ते माथ्यावर येऊन कलेपर्यंत एकेक पायरी उतरत जायचे. जास्तीत जास्त दहा मिनिटांचा हा खेळ. आवाज फाटू लागला की एक कळ खाली, आणि फाटलेला शब्द पुन्हा शिवला जातो. मला या पाच ओळी जितक्या आवडतात तितकी जळगावची ओळ आवडत नाही, हे लिहून टाकतो.

ज्याच्यामुळे हे सगळे लिहावेसे वाटले तो माझा मावसभाऊ. वयाने मोठा म्हणून आम्ही सगळे त्याला नाना म्हणतो. चोपडा आणि शिरपूर या तालुक्यांच्या हद्दीवरून अनेर नदी वाहते. नानाचे घर अलीकडे, म्हणजे जळगाव जिल्ह्यात, आणि केळीची बाग पलीकडे, धुळे जिल्ह्यात. दोन्हींत अंतर किलोमीटरभर. नदीच्या खोलगटात मोबाईलला रेंज नसते. शेतीच्या विजेचे वेळापत्रक सगळ्यांना माहीत आहे: आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात थ्री फेज नेमकी केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा नेम नसतो. विहीर आणि डीपी घराच्या अंगाला, ठिबकचे व्हॉल्व्ह बागेत. एकाने मोटारीपाशी बसायचे, दुसऱ्याने पाइपलाइन बदलत अंधारात फिरायचे. वीज आली हे बागेतल्याला कळायला हवे, गेली हेही कळायला हवे. नाहीतर तो तासभर कोरड्या नळीपाशी बसतो. बिबट्याच्या बातम्या सुरू झाल्यापासून त्या तासाला वेगळे वजन आले आहे.

एका संध्याकाळी नानाच्या गच्चीवरून मी स्थानकाची फेरी ऐकत होतो. दूरदूरची स्थानके आपापली संकेतनावे सांगत होती. मीही माझे सांगितले आणि कोणीतरी ते परत म्हटले. नाना हे सगळे खाटेवर बसून ऐकत होता. फेरी संपल्यावर म्हणाला, "हाऊ डब्बा वर आभायमा बोलस, मंग नदीना पल्याड काबरं बोलत नही?"

बोलतो. नदीपलीकडे तो उत्तम बोलतो. आडवे येते ते पृथ्वीचे वळण नव्हे. आडवे येतात ते १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा. या दोघांची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला. या कायदेपरंपरेत बोलणे तर सोडाच, असा संच परवान्याशिवाय नुसता जवळ बाळगणेही गुन्हा ठरत आले आहे. हौशी परवाना माझ्याजवळ आहे, नानाजवळ नाही. आणि हौशी लहरींवर दोन्ही टोकांना परवानाधारकच लागतो. स्वतःच्या कामासाठी वेगळी वारंवारता शुल्क भरून मागून घेण्याची सोय आहे. पण ती कारखान्यांना आणि मोठ्या संस्थांना परवडणारी. मी हे नानाला समजावून सांगितले. तो शांतपणे म्हणाला की त्याला भाषण करायचे नाही. त्याला दोनच शब्द हवेत: 'उनी' आणि 'गई'. अहिराणीत लाईट आली आणि लाईट गेली. एवढेच.

त्या दोन शब्दांनी मला बरेच दिवस छळले. या देशात बिनतारी आवाजाविषयी सरकारला वाटणारी धास्ती जुनी आहे, आणि ती नेहमी परकीच होती असेही नाही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी मंडळींचे परवाने रद्द झाले, संच जमा करून घेतले गेले. तीन वर्षांनी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचा आवाज ज्या प्रक्षेपकावरून जात असे तो नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी परवानाधारकाने जुळवला होता. ४२.३४ मीटर हा त्या केंद्राचा जाहीर पत्ता. खोलीचा पत्ता सतत बदलत असे, लहरलांबीचा तोच राहिला. नोव्हेंबरात पोलिसांनी ते पकडले, आणि ठिकाण दाखवले ते प्रिंटर यांनीच. या गोष्टीचे आपण नेहमी एकच टोक सांगतो, शौर्याचे. दुसरे टोकही त्याच यंत्रज्ञाच्या हातात होते, हे मला जास्त माणसासारखे वाटते.

स्वातंत्र्यानंतरही ते कायदे तसेच राहिले. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. मुख्य निकाल लिहिला होता न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. सार्वजनिक म्हणजे कोणाही एकाची नव्हे, सरकारचीही नव्हे. आणि सगळ्यांच्या वतीने तिचे नियमन कोणीतरी करायला हवे. दोन्ही अर्ध्या भागांशी मी सहमत आहे. त्यामुळेच माझी अडचण होते. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने इंटरनेटवरच्या दुकानांतून होणाऱ्या वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. वारंवारता न सांगता, परवाना लागतो हे न सांगता, मुलांच्या खेळण्यासारखे हे संच विकले जात होते. ते थांबायला हवे होते यात मला शंका नाही. भुसावळच्या यार्डात कोणा टवाळाने चुकून जरी कळ दाबली, तरी तिचा अर्थ गार्डला हिरवा असा वाटू शकतो. कायदा मूर्ख नाही. पण त्याच्या तराजूत सगळ्यात लहान वजन जे आहे त्याहून 'उनी' हा शब्द हलका आहे.

एक खिडकी आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त आहे. यंत्र फक्त तेवढ्याच पट्ट्यात बोलणारे आणि सरकारकडून प्रकार-मान्यता मिळालेले हवे. आमच्या बाओफेंगमध्ये ४४६ ची ओळ भरली म्हणून तो या खिडकीत मावत नाही. त्याला बाकीचे एवढे बोलता येते हाच त्याचा दोष. म्हणून नानासाठी मान्यताप्राप्त संचांची जोडी घेतली. त्यांना केबल नाही, तक्ता नाही, सात अक्षरी नावे नाहीत. कारखान्यात ठरलेल्या वाहिन्या, एक बटण. मला ते संच फार कंटाळवाणे वाटले आणि नानाला फार आवडले.

पहिले काही महिने छान गेले. जूनमध्ये लावलेली मृगबाग दिवाळीपर्यंत आवाजाच्या आड आली नाही. घरून 'उनी' म्हटले की बागेत 'उनी' ऐकू जाई. पण केळ म्हणजे उभे पाणी. खोडात पाणी, दांड्यात पाणी, हात-दीड हात रुंद पानात पाणी. आणि ४४६ मेगाहर्ट्झची लहर ओल्या पाल्यात चटकन विरते. १४५ ची लहर त्याच बागेतून जाताना बरीच कमी झिजते. माघ उजाडला, पाने वरून एकमेकांना भिडली, घड सुटू लागले. आता बागेच्या मध्यावर घरचा आवाज खरखरीत बुडायला लागला. शब्द कळेनासा झाला. 'उनी' की 'गई' हे ओळखू येईना, आणि त्या दोन शब्दांत तर सगळा फरक.

माझ्या खणात पाच वॉटचे दोन संच होते. केबल होती, जुना ड्रायव्हर होता, १४५ वरची मोकळी ओळ होती. भरायला मिनिट लागले नसते. मी ते केले नाही. का केले नाही याचे उत्तर मी आजही निरनिराळ्या दिवशी निरनिराळे देतो. कधी कायदा, कधी यार्डातला गार्ड, कधी एवढेच की परवान्यावर सही माझी आहे. नानाने मला एकदाही विचारले नाही. त्याने विचारले असते तर बरे झाले असते.

विचारले ते पुतणीने. ती जळगावला अभियांत्रिकी शिकते. सुटीत माझ्याकडे राहून चिर्प शिकली, आणि तक्ता माझ्यापेक्षा नीटनेटका भरते. तिचा प्रस्ताव सरळ होता: "काका, मी परीक्षा देते, बाबांनाही बसवते. मग दोन्ही टोकांना परवाना." हौशी परवान्यातल्या प्राथमिक श्रेणीला मोर्स लागत नाही, थोडे विद्युतशास्त्र आणि नियम एवढाच अभ्यास. नाना मोटारी स्वतः खोलतो. रोध, फेज, कॅपॅसिटर या गोष्टी त्याला बोटांनी कळतात, फक्त त्यांची पुस्तकी नावे नवी आहेत. पण हौशी लहरींवर व्यवसायाचे बोलणे चालत नाही. केळी बाजारात जाते, त्या केळीला पाणी देण्यासाठी वीज आल्याचे सांगणे म्हणजे व्यवसाय, असे मी म्हटले. पुतणीचे म्हणणे, लेकीने बापाला अंधारातून घरी बोलावणे यात कसला व्यवसाय? आमचा हा वाद फोनवर अजून चालू आहे. तिने सरळसंचार या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचा अर्ज भरला आहे. नानाचा भरून तयार आहे, फोटो काढायचा राहिला आहे.

दरम्यान नानाने त्याच्यापुरता मार्ग काढला. बागेच्या मध्यावर शब्द कळत नाही, पण कोणीतरी कळ दाबली एवढे कळते: संचाची खरखर क्षणभर दबते आणि पुन्हा सुरू होते. त्याने स्क्वेल्च अगदी खाली आणून ठेवला आहे, म्हणजे बारीकसा बदलही कानावर यावा. रात्रभर तो त्या खरखरीसोबत फिरतो; सोबत बरी वाटते म्हणतो. एकदा दबली की लाईट आली. लागोपाठ दोनदा दबली की गेली. घरून कळ दाबायचे काम आजकाल माझ्या मावशीकडे आहे. तिला ऐकायला कमी येते. पण डीपीवरचा दिवा तिला ओट्यावरून दिसतो.